एमिल हुडाक पास झाला

त्या तपासणीत माझ्या भावाने नापास व्हायचं होतं. एवढंच काम होतं त्याचं. सोंग करायची गरजच नव्हती. आहे तसा जाऊन बसला असता आणि विचारलेल्याला जमेल तसं उत्तर दिलं असतं, तरी भागलं असतं. सकाळी खाल्लं की नाही हे ज्याला दुपारी सांगता येत नाही, त्याला नापास व्हायला मेहनत लागत नाही.

नापास झाला असता तर खेळाडूंच्या निधीने त्याला सरोवराकाठच्या घरात जागा दिली असती. तिथे त्याच्यासारखेच डोकं गेलेले जुने खेळाडू राहतात. खोल्यांत शेगडी नाही, फाटकाला पहारा आहे, आणि सांभाळायला दांडगी माणसं आहेत. मी चौसष्ट वर्षांची बाई आहे. उभी राहिले तर एमिलच्या छातीला लागते.

मार्चमध्ये एका सकाळी कॉफीचं भांडं घ्यायला मी स्वयंपाकघरात त्याच्या मागून गेले. तो वळला, गुडघ्यांत वाकला, एक हात फरशीला टेकवला आणि आला. बारा हंगाम समोरच्या माणसावर जसा जायचा, तसा माझ्यावर आला. मी फ्रिजवर आपटले. मनगट मोडलं. शेजारणीच्या गाडीतून इस्पितळात जाऊन प्लास्टर घालून परत आले, तर हा सोफ्यावर बसलेला.

"काय झालं गं व्हेरा?"

"पडले."

"बघून चालत जा. वय झालं तुझं."

मग त्याने ड्रॉवरमधून जाड पेन शोधलं आणि माझ्या प्लास्टरवर सही केली. 'शुभेच्छांसह, एमिल हुडाक, ६३.' चाहत्यांना करायचा तशी. ती सही घेऊन मी शाळेच्या कँटीनमध्ये मुलांना मटार वाढत होते आणि मास्तरलोक म्हणत होते, नशीबवान आहेस व्हेरा, घरातच ६३ नंबर.

आमच्याकडचा फुटबॉल पायाने खेळायचा नाही. अंगाने खेळायचा, आणि एमिलच्या जागेवर तर डोक्याने. तो रांगेत मधला होता. वाकायचं, चेंडू दोन पायांमधून मागे द्यायचा आणि त्याच क्षणी समोरच्या दीडशे किलोच्या माणसात घुसायचं. उठायचं, पुन्हा वाकायचं. चेंडू घेऊन पळणाऱ्याचं नाव देशभरातली पोरं पाठीवर मिरवतात. मधल्याचं नाव त्याच्या आईला माहीत असतं, आणि पंचांना, तेही त्याने चूक केली तर.

नदीकाठची पोलादाची गिरणी बंद पडली तेव्हा एमिल शाळेच्या शेवटच्या वर्षाला होता. बाबा डबा घेऊन गेले आणि डबा न उघडता परत आले. गावात अभिमान बाळगायला काही उरलं नव्हतं, म्हणून गावाने माझा भाऊ घेतला. शुक्रवारी संध्याकाळी शाळेच्या मैदानावर दिवे लागले की अख्खं गाव तिथे. चर्चच्या तळघरात दर शुक्रवारी मासे तळून गावजेवण व्हायचं, तेही त्याच्या सामन्यासाठी तासभर आधी उरकायचे. विद्यापीठाने त्याला फुकट शिकवायला नेलं. काय शिकवलं ते देवाला ठाऊक. व्यावसायिक संघांच्या निवडीत त्याचं नाव जवळजवळ शेवटी आलं, तरी आमच्या चर्चची घंटा वाजली. पुढे बारा हंगाम, दोन शहरं, गुडघ्यांच्या चार शस्त्रक्रिया आणि सरळ न होणारी बोटं. पैसा आला आणि गेला, बायको आली आणि ॲरिझोनाला गेली. त्याचं रडगाणं मी गात नाही. गुडघे मोजले, बोटं मोजली. डोकं कोणी मोजलं नाही, कारण डोकं लंगडत नाही.

मार लागून एखादा डुलायला लागला की मैदानाच्या कडेला डॉक्टर त्याला थांबवायचा आणि प्रश्न विचारायचा. आपण कुठल्या शहरात आहोत? शेवटचे गुण कोणी केले? महिने उलटे म्हण. उत्तरं आली तर आत, नाही तर बाकावर. आणि बाकावर बसलेल्याची जागा दुसरा घेतो. एकदा घेतली की परत देत नाही. म्हणून रांगेतल्यांचा एक रिवाज होता. जो आधी तपासून येईल त्याने आजचे प्रश्न आणि उत्तरं शेजाऱ्याला सांगायची. शेजाऱ्याने पलीकडच्याला. एमिलच्या डावीकडे लुइझियानाचा क्लिओन बॅटिस्ट, उजवीकडे रॉय लोमॅक्स. सात वर्षं हे तिघे खांद्याला खांदा लावून वाकले. बॅटिस्ट डॉक्टरच्या पाठीमागे उभा राहून बोटांनी गुण दाखवायचा. एकदा एमिलला शहराचं नाव आठवेना, तर लोमॅक्सने डॉक्टरच्या डोक्यावरून त्या शहरातलं प्रसिद्ध सॉसेज तोंडात घातल्याची नक्कल करून दाखवली. एमिल नाताळात हे सांगायचा आणि बाबा हसून हसून टेबलावर हात आपटायचे. आईसुद्धा हसायची, कोबीच्या पानांत खिमा भरलेली हलूपकी वाढता वाढता.

शेजाऱ्याला पडू द्यायचं नाही. एकच धर्म त्यांना कोणी शिकवला असेल, तर तो हा.

बॅटिस्टची तपासणी गेल्या वर्षी झाली. तो नापास झाला आणि सरोवराकाठी गेला. तिथून दर रविवारी त्याचा एमिलला फोन यायचा. मला बरं वाटायचं. दोघे हसायचे, कोणा मेलेल्या प्रशिक्षकाला शिव्या घालायचे. लोमॅक्सची बायको ग्वेन मला फोन करायची, तेव्हा आम्ही बायका म्हणायचो, बोलू देत, तेवढंच राहिलंय. ग्वेनचं माझ्यापेक्षा वाईट. रॉय आपला सदरा काढून महामार्गावर चालत निघतो. त्याचीही तपासणी लागली होती, एमिलनंतर महिन्याने. "आधी तुझा जाऊ दे," ग्वेन म्हणायची. "मग माझा तुझ्याच्या शेजारच्या खोलीत. आपण दोघी समुद्रावर जाऊ. एकदा तरी दिवसभर झोपू."

तपासणीच्या आधी काही आठवडे मला घरभर कागदी रुमाल सापडायला लागले. प्रत्येकावर घड्याळ काढलेलं. गोल, आकडे, दोन काटे. सगळ्यांत तीनला वीस कमी. मला वाटलं, आजाराचा नवा प्रकार. मी गोळा करून फेकत राहिले.

तपासणीच्या दिवशी गाडीत बसलो. पूल ओलांडताना एमिल खिडकीबाहेर बघत पुटपुटायला लागला. "कंदील, बदक, लोणी, शिडी, निळा. कंदील, बदक, लोणी, शिडी, निळा."

"काय म्हणतोयस?"

तो गालात हसला. ते हसू मी ओळखते. लहानपणी आईच्या पाकिटातून सुटे पैसे काढले की असं हसायचा.

"बॅटिस्टने दिलेत. हे पाच शब्द ती डॉक्टरीण आधी सांगते, मग दुसरंच काहीतरी विचारत बसते, आणि मग म्हणते, आता ते पाच सांग. तिथेच गंडवतात. बॅटिस्ट गंडला. पण शेवटी तिने ते पुन्हा म्हणून दाखवले, आणि बाहेर पडल्या पडल्या त्याने नर्सचं पेन मागून तळहातावर लिहून आणले."

मी गाडी पेट्रोल पंपात घेतली. मोडलेलं डावं मनगट ठणकायला लागलं.

"तुझ्या लक्षात कसे राहिले?"

"मैदानात रांगेला ओरडून द्यायच्या हाका केल्या त्यांच्या." कित्येक दिवसांनी त्याच्या डोळ्यांत तो स्वतः होता. "कंदील म्हणजे सगळे डावीकडे. बदक म्हणजे समोरचा मागे सरकलाय. लोणी म्हणजे दोघं मिळून एकावर. हाका विसरत नाही मी. हाक विसरला तर चेंडूवाला मरतो."

खरं होतं ते. माझं लग्न झालं होतं आणि नवरा वारला, हे तो विसरला. आई गेल्याचं दर आठवड्याला नव्याने कळतं त्याला आणि दर आठवड्याला नव्याने रडतो. पण हाका त्या मारांच्याही खाली कुठेतरी कोरलेल्या आहेत. तिथे त्याने हे पाच शब्द नेऊन ठेवले होते.

मी त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "एमिल, ऐक. आज शब्द सांगायचे नाहीत. विचारलं की म्हण, आठवत नाही. पास झालास तर ते घर मिळणार नाही. बॅटिस्टकडे जायचंय ना तुला?"

"बॅटिस्टकडे? जायचंय की."

"मग शब्द सांगायचे नाहीत."

"बरं. नाही सांगत."

"काय नाही सांगायचं?"

त्याने विचार केला. "बॅटिस्टने दिले ते कोणाला सांगायचं नाही," तो म्हणाला. "व्हेरा, मी काय वेडा आहे का?"

दवाखाना मोठा, काचेचा. भिंतीवर हेल्मेट घातलेल्या पोरांचे फोटो. फोटोंत सगळे हसतात. काउंटरवरच्या मुलीला मी म्हटलं, मला डॉक्टरांशी आधी बोलायचंय. ती म्हणाली, नंतर बोला, आधी बोलण्याची पद्धत नाही, तपासणीवर परिणाम होतो. मी म्हटलं, परिणाम आधीच झालाय. तिने मला पाणी दिलं. या देशात बाईचा आवाज चढला की तिला पाणी देतात.

सोबतच्या माणसाला आत सोडत नाहीत. दाराला काच होती, तिच्यातून बघत उभी राहिले. एमिलने मी इस्त्री केलेला सदरा घातला होता. डॉक्टर फेन्विक नावाची बाई, चाळिशीची, केस आखूड, आवाज ऐकू येत नव्हता. ती ओठ हलवून काही वाचत होती. आणि मला दिसलं, एमिलची पाठ सरळ झाली. खुर्चीत बसल्या बसल्या त्याचे दोन्ही पाय फाकून जमिनीत रोवले गेले. उजवा हात खाली गेला, बोटं फरशीला जवळजवळ टेकली. तो रांगेत उभा होता.

मी काचेवर टकटक केलं. त्याने वळून बघितलं. मी मान हलवली, नाही, नाही. त्याने मला डोळा मारला.

मग तिने त्याला कागद दिला आणि त्याने रुमालांवरचंच ते घड्याळ काढलं. इतक्या झटकन की ती बाई बघत राहिली. मग बराच वेळ दुसरं काहीबाही. त्यात तो अडखळला, मला दिसत होतं, कपाळ पुसत होता, आणि लाज वाटते पण माझ्या मनात आशा आली. माझा भाऊ घामाघूम होऊन साध्या वजाबाकीत बुडत होता आणि मी बाहेर उभी राहून म्हणत होते, बुड बाबा, बुड. शेवटी तिने पेन खाली ठेवून काही विचारलं. एमिलने डोकं वर केलं. त्याचे ओठ पाच वेळा हलले. एकदाही थांबले नाहीत.

त्याला बाहेर बसवून तिने मला आत बोलावलं. एमिलने जाता जाता माझ्या खांद्यावर थाप मारली. "झोपवलं," तो म्हणाला.

"गुण मर्यादेच्या वर आहेत," डॉक्टर म्हणाली. "थोडेच वर. पण वर."

मी सगळं सांगितलं. बॅटिस्ट, तळहात, रुमाल, हाका. मनगट दाखवलं. तिने सगळं ऐकून घेतलं. वाईट बाई नव्हती ती. वाईट असती तर मला सोपं गेलं असतं.

"व्हेराबाई," ती म्हणाली, "तुम्ही म्हणता ते मला पटतं. त्याच्याशी दहा मिनिटं बोलले तेव्हाच कळलं मला."

"मग लिहा तसं."

"काय लिहू? उत्तरं आधीच मिळवून पाठ केली होती, असं लिहू? लिहिते. पण निधीच्या नियमात त्याला फसवणूक म्हणतात. फसवणूक नोंदली की अर्ज कायमचा बंद. पुढच्या वर्षी नाही, कधीच नाही. त्याचं नावच निघतं." तिने पेन उचललं नाही. "किंवा मी गुण आहेत तसे पाठवते. मग वर्षाने पुन्हा बसता येईल."

"पास व्हायला फसवलंय त्याने. फायदा काय झाला त्याला त्यात? कुठला चोर स्वतःच्याच घरात चोरी करतो?"

"मला ठाऊक आहे. नियम लिहिणाऱ्यांना वाटलं, लोक नापास व्हायला फसवतील. असं कोणी करेल हे त्यांना सुचलं नाही."

सुचलं नाही. बरोबर आहे. नियम लिहिणारे कधी रांगेत वाकले नव्हते. त्यांना वाटतं, मोडलेला माणूस मोडल्याचं सांगतो. आम्ही पोराला आठव्या वर्षी हेल्मेट घालतो आणि पहिला धडा देतो की दुखतंय म्हणायचं नाही. पुढची तीस वर्षं तेच घोटतो, त्यासाठी घंटा वाजवतो, त्याच्या नावाचं सँडविच काढतो. आणि मग एका काचेच्या खोलीत बसवून म्हणतो, हं, आता सांग, कुठे दुखतंय?

"लिहू का?" डॉक्टरने विचारलं.

दारातून मला एमिल दिसत होता. काउंटरवरच्या मुलीला सही देत होता.

"नको," मी म्हटलं. "आहेत तसे पाठवा."

"एखादं वर्ष..."

"तुम्ही एक दिवस येऊन राहा माझ्याकडे," मी म्हटलं. "स्वयंपाकघरात मात्र त्याच्या मागून जाऊ नका."

परतीच्या वाटेवर त्याने मासळीचं सँडविच मागितलं, कारण जिंकल्यावर तो तेच खायचा. मी नदीकाठच्या जोच्या दुकानात थांबले. जोच्या भिंतीवर एमिलचा जुना फोटो आहे.

"काय रे ६३, आज एवढा खुशीत?" जो म्हणाला.

"पास झालो."

"कशात?"

एमिल माझ्याकडे बघायला लागला. त्याला ते आठवत नव्हतं. पास झाल्याचं तेवढं आठवत होतं. "व्हेराला विचार," तो म्हणाला. "ती होती तिथे."

"डोक्याच्या तपासणीत," मी म्हटलं.

"मग तपासणीच खोटी," जो म्हणाला. "तुझ्या डोक्यात काही सापडणार कसं?" दुकानातले सगळे हसले. एमिल सगळ्यांत जास्त हसला. जोने पैसे घेतले नाहीत. हे गाव माझ्या भावाला सगळं फुकट देतं. सँडविच, कॉफी, टाळ्या. फक्त एक दिवस त्याला सांभाळायला यायला कोणाला सवड नाही.

मी त्याला का सांगितलं नाही की तू हरलास? सांगणार होते. गाडीत दोनदा तोंड उघडलं. पण त्याचा हात खिडकीवर ताल धरत होता, आणि मला आठवेना, तो याआधी कधी खुशीत होता. सांगितलं असतं तर रडला असता आणि घर येईपर्यंत विसरला असता, आणि ते नुसतं माझ्यापाशी राहिलं असतं, बाकी सगळ्यासारखं.

घरी आलो. मी कोट काढला, शेगडी, प्रत्येक खोलीतला हीटर, दाराची कडी तपासली, रोज तपासते तशी. वर जाऊन जरा आडवी झाले. ग्वेनला फोन करून सांगायला हवं होतं. काय सांगू याचे शब्द जुळवत होते, तेवढ्यात खालून एमिलचा आवाज आला. हळू, खालच्या सुरातला, कामाचा आवाज.

"पहिला कंदील. म्हण. हां. कंदील म्हणजे सगळे डावीकडे."

मी जिन्यावरून कशी उतरले ते आठवत नाही. तो स्वयंपाकघरात भिंतीवरच्या फोनपाशी उभा होता, पाठ माझ्याकडे. मी उंबऱ्यातच थांबले. मागून जायचं नाही, हे माझंही अंग शिकलं होतं.

"एमिल," मी दारातून म्हटलं. "फोन ठेव."

त्याने वळून तोंडावर बोट ठेवलं. "रॉय आहे. त्याची व्हायचीय अजून."

नाश्ता आठवत नाही. आई मेलेली आठवत नाही. उजवीकडच्या माणसाची तपासणी व्हायचीय, हे आठवतं.

मी त्याच्या समोरून, भिंतीला घासत, पुढे गेले आणि फोन हातातून घेतला. त्याने घेऊ दिला. माझ्याकडून काही कधी हिसकावत नाही तो, डोकं जागेवर असतं तेव्हा.

"रॉय, मी व्हेरा. ग्वेनला दे."

"ती दुकानात गेलीय." रॉय लोमॅक्सचा आवाज जाड, संथ, लाजल्यासारखा. "तू घाबरू नको व्हेरा. मी ग्वेनलासुद्धा सांगणार नाही. हे आमच्या आमच्यात."

"रॉय, ते शब्द विसर. माझं ऐक, विसरून जा."

"विसरून कसं चालेल?" तो हसला. "आधीच सगळं विसरतो मी. ग्वेन दमून गेलीय बिचारी. मी पास झालो तर तिला किती बरं वाटेल. थांब, बघ जमतंय का. कंदील." तो थांबला. मला त्याचा श्वास ऐकू येत होता. "बदक. लोणी. शिडी."

मी फोन कानाला घट्ट दाबला. तारेच्या त्या टोकाला एक म्हातारा माणूस अंधारात हात घालून काहीतरी शोधत होता. नको सापडू दे, मी म्हटलं. नको सापडू दे त्याला.

"शिडी," रॉय पुन्हा म्हणाला. "शिडी, आणि... अरे देवा. होता ना अजून एक?"

माझ्या शेजारी एमिल वाकला. त्याचा भला मोठा गाल माझ्या गालाला टेकला, आणि फोनमध्ये, अगदी प्रेमाने, तो म्हणाला, "निळा."